सेलच्या पोटात काय बदललं, आणि त्यावरून घरातले सेल कसे निवडावेत, तपासावेत, जपावेत

दोन पेन्सिल सेल शेजारी ठेवा. दोन्ही ५०.५ मिलिमीटर लांब, १४.५ मिलिमीटर जाड, दोन्हींवर दीड व्होल्ट छापलेलं. एक हातात हलका लागतो, दुसरा चांगला जड. भिंतीवरच्या घड्याळात दोघेही मुकाट चालतात, पण मोटार असलेल्या खेळण्यात एक काही मिनिटांत मान टाकतो. ‘कुठला सेल चांगला?’ या प्रश्नाला म्हणूनच एकच एक उत्तर नाही. उपकरण किती जोराने करंट ओढतं आणि सेल आतून कसा बांधला आहे, या दोन गोष्टी जुळल्या की तो सेल चांगला. ही जुळणी घरच्या घरी करता येते, फक्त आधी थोडं सेलच्या पोटात शिरावं लागतं.

पायरी १: वेष्टणावरचं बारीक अक्षर वाचा

‘सुपर’, ‘पॉवर’, ‘हेवी ड्यूटी’ या मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करा. हेवी ड्यूटी लिहिलेला सेल बहुतेक वेळा झिंक क्लोराइडचा, म्हणजे साध्या कार्बन-झिंकचाच थोडा सुधारलेला भाऊ असतो. खरी माहिती त्या लहान संकेतांकात असते. नुसतं आर६ असेल तर कार्बन-झिंक. एलआर६ म्हणजे अल्कलाइन. एचआर६ म्हणजे पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. एफआर६ म्हणजे लिथियम-आयर्न डायसल्फाइड. सहा हा आकडा डबल एचा, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलचा. ट्रिपल ए असेल तर त्याजागी ०३ येतो, मधल्या जाड सेलला १४ आणि मोठ्या टॉर्चच्या सेलला २०. ‘आर’ म्हणजे गोल, आणि त्याच्या आधीचं अक्षर रसायन सांगतं. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकातली असल्यामुळे कंपनी कुठलीही असो, अर्थ तोच.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ६एफ२२ असेल तर ती कार्बन-झिंकची, ६एलआर६१ असेल तर अल्कलाइन. सुरुवातीचा सहा सांगतो की आत दीड-दीड व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत.

पायरी २: आतली रचना समजून घ्या

ही पायरी लांब आहे, पण पुढच्या सगळ्या सूचना हिच्यावरच उभ्या आहेत.

१८६६ मध्ये जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी वापरून सेल बनवला. तारायंत्रं आणि दारावरच्या विजेच्या घंटा त्यावर चालू लागल्या. पण ती काचेची बरणी होती. आडवी केली की सांडायची. १८८६ मध्ये जर्मनीत कार्ल गासनर यांनी त्या पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून त्याचा लगदा केला आणि जस्ताचाच डबा करून त्यात भरला. कोरडा सेल जन्माला आला तो इथे. बरणी गेली आणि सेल कसाही धरता येऊ लागला.

आजचा कार्बन-झिंक सेल मूळ कल्पनेत तोच आहे. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, मग कागदाचा पातळ थर आणि बाहेर जस्ताचा डबा. अडचण याच डब्यात आहे. तो सेलचं भांडंही आहे आणि सेलचं इंधनही. वीज काढाल तसं जस्त झिजत जातं, म्हणजे भांड्याच्याच भिंती पातळ होतात. संपलेला कार्बन-झिंक सेल उपकरणात राहिला की भिंतीला भोक पडून आतला ओलावा बाहेर येतो. यात कंपनीच्या दर्जाचा भाग थोडा, रचनेचा जास्त.

दुसरी अडचण पृष्ठभागाची. जस्ताच्या सपाट पत्र्यावर रासायनिक क्रिया ठरावीक वेगानेच होऊ शकते. जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. थोडी विश्रांती दिली की सेल जरा सावरतो. जुन्या टॉर्चचा उजेड बंद करून पुन्हा लावल्यावर क्षणभर वाढायचा, तो यामुळेच.

१९५०च्या दशकात कॅनडाचे ल्यूइस अरी अमेरिकेत ओहायोतल्या पार्मा इथल्या एव्हरेडीच्या प्रयोगशाळेत गेले. काम दिलं होतं कार्बन-झिंकचं आयुष्य वाढवण्याचं. त्यांनी ठरवलं की जुन्याला ठिगळं लावण्यापेक्षा नवं रसायन घ्यावं. नवसागराच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र अल्कलीचं द्रावण आलं. तशी अल्कलीवर चालणारी सेलं आधीही होती, पण घरगुती वापरात स्वस्त आणि दमदार सेल जमत नव्हता. अरींनी पत्र्याऐवजी जस्ताची भुकटी वापरली आणि गाठ सुटली. तेवढ्याच वजनाच्या जस्ताला कितीतरी पट पृष्ठभाग मिळाला. वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी दोन खेळण्यातल्या गाड्या घेतल्या, एकीत जुना सेल आणि दुसरीत आपला, आणि कंपनीच्या उपाहारगृहात सोडून दिल्या. जुन्याची गाडी लवकरच थांबली, अरींची फेऱ्या मारत राहिली. कार्ल कोर्देश आणि पी. ए. मार्सल यांच्यासह मिळालेलं या सेलचं पेटंट १९६० सालचं आहे.

अल्कलाइन सेलची बांधणी उलटी आहे. बाहेरचा डबा पोलादाचा, आणि तो धन टोकाला जोडलेला. डब्याच्या आतल्या भिंतीला मँगनीज डायऑक्साइड आणि ग्राफाइटच्या घट्ट दाबलेल्या कड्या. मग दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ थर, म्हणजे विभाजक. मधल्या पोकळीत जस्ताच्या भुकटीचा जेल, आणि त्यात खुपसलेला पितळेचा खिळा, जो खालच्या ऋण टोकाला करंट पोहोचवतो. डबा झिजत नाही, कारण तो इंधन नाही. म्हणून याचं आयुष्यही जास्त आणि साठवणही. डबल ए अल्कलाइनमधून हळू वापरात साधारण २००० ते २८०० मिलिअँपिअर-तास (सेलमधून एकूण किती वीज निघते याचं माप) मिळतात. त्याच आकाराचा कार्बन-झिंक याच्या निम्म्यालाही सहसा पोहोचत नाही.

मग अल्कलाइनही का गळतो? जस्ताची भुकटी अल्कलीत पडून राहिली की हळूहळू हायड्रोजन वायू सोडते. पूर्वी हे थोपवायला जस्तात थोडा पारा मिसळत. पाऱ्याचं विष कचऱ्यातून माती-पाण्यात जायचं, म्हणून तो काढावा लागला. अमेरिकेत त्यासाठी १९९६ मध्ये कायदाच झाला. पाऱ्याची जागा घेतली ती जास्त शुद्ध जस्त आणि त्यात मिसळलेल्या किंचित इंडियम, बिस्मथ, ॲल्युमिनियम यांनी. माझ्या मते घरगुती सेलमधली ही सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत मोठी सुधारणा आहे. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत एक आख्खं विष गायब झालं.

वायू मात्र थोडाफार होतोच. म्हणून ऋण टोकाच्या प्लॅस्टिकच्या बुचात मुद्दाम एक पातळ जागा ठेवलेली असते. दाब वाढला की ती फाटते आणि वायूबरोबर अल्कलीही बाहेर येते. म्हणजे आपण ज्याला ‘सेल गळला’ म्हणतो, ते बहुतेक वेळा सेलने फुटण्याऐवजी निवडलेली सुटका असते. आपल्या हातात एवढंच, की तो दाब वाढू द्यायचा नाही. ते कसं, ते पायरी ६ मध्ये.

पायरी ३: घरातली उपकरणं भुकेप्रमाणे वेगळी करा

एका कागदावर यादी करा आणि तीन गट पाडा.

कमी भूक: भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, तापमान दाखवणारं छोटं यंत्र. घड्याळाला स्वस्त कार्बन-झिंक खरोखर पुरतो. तिथे महागडा सेल घालून फारसं काही साधत नाही, फक्त सेल संपल्यावर लगेच काढायला हवा. रिमोटमध्ये मी अल्कलाइन घालेन, आणि वर्षातून एकदा झाकण उघडून बघेन.

जास्त भूक: मोटारीची खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रक्तदाब मोजण्याचं यंत्र, जोरदार टॉर्च, बिनतारी माउस ज्यावर दिवसभर काम होतं. इथे कार्बन-झिंक घालणं म्हणजे पैसे फेकणं. रोज वापर असेल तर चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड, अधूनमधून वापर असेल तर अल्कलाइन.

क्वचित पण हमखास लागणारं: आणीबाणीची टॉर्च, धूर ओळखणारा अलार्म, थंड हवेत बाहेर वापरायचं उपकरण. इथे एफआर६ लिथियम घ्या. त्याचं वजन सुमारे १५ ग्रॅम, अल्कलाइनचं सुमारे २३. तो उणे ४० अंशांपर्यंत चालतो, वर्षानुवर्षं पडून राहतो आणि गळण्याची शक्यता फार कमी. आतमध्ये लिथियमचा पातळ पत्रा आणि दुसरा थर एकत्र गुंडाळीसारखे वळलेले असतात, म्हणून पृष्ठभाग मोठा आणि करंटही भरपूर. अलार्मच्या बाबतीत मात्र त्याच्या माहितीपत्रकात जो प्रकार लिहिला असेल तोच घाला, कारण बॅटरी संपत आल्याचा इशारा त्या प्रकाराच्या व्होल्टेजवर बेतलेला असतो.

पायरी ४: चार्ज होणारे सेल घेताना आणि चार्ज करताना

लँथॅनम आणि निकेल यांचा मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो आणि परत सोडतो, हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. त्या गुणावर निकेल-मेटल हायड्राइड सेल उभा राहिला आणि कॅडमियमसारखा विषारी धातू असलेल्या निकेल-कॅडमियमची जागा त्याने घेतली. सुरुवातीच्या सेलांची एक खोड होती: चार्ज करून कपाटात ठेवले की काही आठवड्यांत बरेचसे रिकामे. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप बाजारात आणला. मिश्रधातू आणि विभाजक सुधारल्यामुळे वर्षभर पडून राहिल्यावरही त्यात बहुतांश चार्ज टिकून राहू लागला. आज घेताना वेष्टणावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘आधीच चार्ज केलेला’ असं लिहिलेलं बघा. डबल एमध्ये २००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा असा सेल २५००च्या सेलपेक्षा घरासाठी जास्त शहाणपणाचा, कारण मोठ्या आकड्याचे सेल सहसा कमी वेळा चार्ज होऊन थकतात.

या सेलांवर दीडऐवजी १.२ व्होल्ट छापलेलं पाहून बिचकू नका. अल्कलाइन दीडवर सुरू होतो खरा, पण वापरात हळूहळू उतरत जातो आणि अर्ध्या वाटेवर १.२च्या आसपासच असतो. निकेल-मेटल हायड्राइड तिथेच बराच काळ ठाम राहतो. अपवाद काही घड्याळांचे आणि जुन्या उपकरणांचे.

सेलपेक्षा चार्जर महत्त्वाचा. प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला, वेगवेगळा तपासणारा चार्जर घ्या. सेल भरला की त्याचं व्होल्टेज काही मिलिव्होल्टने किंचित खाली येतं आणि तापमान वाढतं. चांगला चार्जर ही खूण ओळखून थांबतो. दोन-दोनच्या जोड्यांत चार्ज करणारा किंवा नुसत्या वेळेवर चालणारा चार्जर एकाला उपाशी ठेवतो आणि दुसऱ्याला शिजवतो. लागणाऱ्या वेळेचा अंदाज सोपा आहे: क्षमता भागिले चार्जिंगचा करंट, गुणिले १.२. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल ५०० मिलिअँपिअरवर ४.८ तास घेईल. शेवटी कोमट लागला तर ठीक. हातात धरवत नसेल तर चार्जर बदला.

यूएसबीने चार्ज होणारे दीड व्होल्टचे पेन्सिल सेल हा वेगळा प्राणी आहे. आत लिथियम-आयन सेल आणि व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट असतं. शेवटपर्यंत सरळ दीड व्होल्ट देतात आणि मग एकदम बंद पडतात, म्हणून आणीबाणीच्या टॉर्चमध्ये नकोत. त्यांच्यावरचा मोठा आकडा बहुधा मिलिवॉट-तासांत असतो. ३००० मिलिवॉट-तास म्हणजे दीडने भागून २००० मिलिअँपिअर-तास. दुकानात हा भागाकार करूनच तुलना करा. आणि यांना निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालू नका.

पायरी ५: सेल संपलाय की नाही, ते तपासा

टेबलावर एखाद्या सेंटिमीटरवरून अल्कलाइन सेल उभा सोडून बघायची युक्ती खरी आहे, पण अर्धीच. नव्या सेलमधला जस्ताचा ओला जेल धक्का जिरवतो, म्हणून तो थबकतो. वापरात जस्ताचा झिंक ऑक्साइड होतो, आतला भाग घट्ट होतो आणि सेल उसळतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे मोजून पाहिलं, तेव्हा दिसलं की सेल साधारण अर्धा संपेपर्यंतच उसळी पूर्ण वाढलेली असते. म्हणजे उसळला तर तो नवा नाही, एवढंच कळतं. मेला आहे असं नव्हे. इतर रसायनांना ही युक्ती लागू नाही.

खरी तपासणी मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राने. पण नुसतं व्होल्टेज बघू नका; विश्रांती घेतलेला मरतुकडा सेलही १.४ दाखवून फसवतो. १० ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही टोकांना टेकवा, पाचेक सेकंद थांबा आणि तो जोडलेला असतानाच व्होल्टेज वाचा. सेलमधून तेव्हा सुमारे १५० मिलिअँपिअर जात असतात, म्हणजे खऱ्या कामासारखी स्थिती. अल्कलाइन १.३च्या वर राहिला तर कुठेही चालेल. १.१ ते १.३ असेल तर घड्याळात किंवा रिमोटमध्ये ढकला. त्याखाली गेला तर निरोप द्या. मोठ्या करंटच्या खेळण्यातून ‘संपला’ म्हणून निघालेला सेल घड्याळात पुढे कित्येक महिने सहज काढतो.

पायरी ६: घालताना

एका उपकरणातले सगळे सेल एकाच प्रकारचे, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी उघडलेले असावेत. कारण बघा. चार सेल एकापुढे एक जोडले की सगळ्यांतून एकच करंट जातो. त्यातला एक जुना असेल तर तो आधी रिता होतो, पण बाकीचे तिघे करंट ढकलतच राहतात. मग त्या रित्या सेलची टोकं उलटी होतात, आत हायड्रोजन तयार होतो, दाब वाढतो आणि बुचाची पातळ जागा फाटते. चारांतला एकच सेल गळलेला आणि बाकीचे तीन स्वच्छ, असं दिसलं तर जवळजवळ नेहमी हेच घडलेलं असतं.

उपकरण ‘मंदावलं’ तरी चालू ठेवून सेलमधला शेवटचा थेंब काढायचा मोह टाळा. गळती बहुधा त्या शेवटच्या टप्प्यातच सुरू होते. महिना-दोन महिने लागणार नाही असं उपकरण रिकामं करून ठेवा. आणि साधे सेल चार्ज करू नका. चार्ज होणारा अल्कलाइन सेलही होऊन गेला, कोर्देश यांच्याच कामातून, १९९०च्या दशकात. त्याची बांधणी मुद्दाम वेगळी होती, तरी तो टिकला नाही.

पायरी ७: गळलेलं साफ करा

आधी ओळखा, सेल कुठला होता. अल्कलाइनमधून आलेली अल्कली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून पोटॅशियम कार्बोनेटचे पांढरे, भुरभुरीत तुरे होतात. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. कार्बन-झिंकची गळती आम्लधर्मी, तपकिरी चिकट. तिच्यावर खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट. उलटं केलं तर खराबी तशीच राहते.

हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा असू द्या, भुकटी फुंकू नका. सेल काढून मोठे तुरे कोरड्या ब्रशने कागदावर पाडा. इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून पिळा आणि स्प्रिंगवर टेकवा. बारीक फेस येईल. फेस यायचा थांबेपर्यंत नवे इअरबड घेत राहा. व्हिनेगर ओतायचं नाही, ते सर्किटपर्यंत पोचतं. मग साध्या पाण्याने किंचित ओला केलेला बड, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्प्रिंगवर हिरवट थर उरला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, पण हलक्या हाताने. निकेलचा मुलामा गेला तर पुढच्या वेळी लवकर गंजतं. तारेचं टोक काळं पडलं असेल तर तिचं वेष्टण थोडं सोलून बघा. अल्कली तारेच्या आतून वर चढत जाते, तेव्हा चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापून नवा जोड द्यावा लागतो.

पायरी ८: बटन सेल

सीआर२०३२ या नावात मापच आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, लिथियमचा, तीन व्होल्ट. सीआर२०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड, म्हणून तो सैल बसतो. छोट्या एलआर४४च्या जागी त्याच मापाचा एसआर४४ बसतो. तो सिल्व्हर ऑक्साइडचा, शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास राहणारा. डिजिटल व्हर्निअरसारख्या मोजमापाच्या साधनात तोच घालावा.

कर्णयंत्रातला झिंक-एअर सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. स्टिकर काढला की घड्याळ सुरू झालं, परत चिकटवून ते थांबत नाही. काढल्यावर मिनिटभर हवा घेऊ द्या, मग बसवा.

घरात लहान मूल असेल तर ही पायरी बाकी सगळ्यांच्या आधी वाचा. गिळलेला २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेतून करंट वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल ‘संपलेला’ असला तरी इतकं करायला त्यात पुरेसा दम असतो. संशय आला तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालयात जा आणि एक्स-रे काढायला सांगा. सेलवर कडू लेप देण्याची सुधारणा अलीकडची आणि चांगली आहे. काही उपकरणांत त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही. तेव्हा सेल बदलून बघा, लेप खरवडू नका. झाकणाला स्क्रू असेल तर तो घट्टच ठेवा.

पायरी ९: साठवणं आणि टाकणं

फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. बाहेर काढल्यावर सेलवर पाणी धरतं, त्याने नुकसानच जास्त. कोरडी, थंडशी जागा आणि मूळ वेष्टण पुरे. अल्कलाइन अशा जागी दहा वर्षंही टिकतो, वेष्टणावरची तारीख बघून जुने आधी वापरा.

चार्ज होणारे आणि लिथियमचे सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका, संकलन पेटीत द्या. तोवर ते सुटे एका डब्यात खडखडू नयेत. नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. किल्ली किंवा दुसरी बॅटरी त्यांना आडवी लागली की ठिणगी पडते आणि शेजारचा कागद पेटू शकतो. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावूनच ती डब्यात टाका.